'प्रेझेंटली' म्हणजे नक्की कधी?

शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकात जादूगार प्रॉस्पेरो त्याच्या हुकमतीतल्या एरियलला आत्म्यांचा ताफा घेऊन यायला सांगतो. एरियल एकाच शब्दात विचारतो, 'प्रेझेंटली?' प्रॉस्पेरो हो म्हणतो आणि पापणी लवायच्या आत, असंही बजावतो. बी.ए.च्या वर्गात हा प्रवेश पहिल्यांदा शिकवला तेव्हा माझ्या प्रतीत त्या शब्दाखाली मी पेन्सिलीने 'थोड्या वेळाने' असं लिहून ठेवलं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, थोड्या वेळाने यायचंय, तर मग पापणी लवायच्या आत कसं?"

तिचं बरोबर होतं. मला उत्तर आलं नाही. दुपारी ग्रंथालयात जाऊन ऑक्सफर्डचा मोठा कोश काढला. शब्दाचे अर्थ कोणत्या क्रमाने आले, ते हा कोश जुन्या लिखाणातल्या दाखल्यांनिशी आणि सालवारीने दाखवतो. मूळ शब्द 'प्रेझेंट', म्हणजे समोर हजर असलेला. म्हणून 'प्रेझेंटली' म्हणजे हा समोरचा क्षण, आत्ता, ताबडतोब. 'थोड्या वेळाने' हा अर्थ मागाहून आला.

'द टेम्पेस्ट'च्या प्रयोगाची पहिली नोंद 1611 ची. त्याच वर्षी राजा जेम्सच्या आज्ञेने झालेलं इंग्रजी बायबल छापलं गेलं. येशू फळ नसलेल्या अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि ते झाड 'प्रेझेंटली' वाळतं. आजचा वाचक समजेल की झाड हळूहळू सुकलं, आणि तिथे चमत्कारच संपतो. त्याच बायबलात हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागते, तेही 'बाय अँड बाय'. आज याचा अर्थ 'होईल सवडीने'. तिला तर ते त्याच घटकेला हवं होतं. 1881 साली नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा हे दोन्ही शब्द बदलून तिथे निःसंदिग्ध 'तत्काळ' घालावं लागलं.

मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढेच. 'सून' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचाही अर्थ लगेच. 'अनॉन'चंही तेच. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यातला पोऱ्या फ्रान्सिस, आतून हाक आली की 'अनॉन, अनॉन' म्हणून ओरडतो आणि जागचा हलत नाही. शब्दाचा अर्थ घसरतो कसा, ते मला त्या पोऱ्यात दिसतं. माणूस 'लगेच' म्हणतो आणि उशीर करतो. ऐकणाऱ्याला उशिराची सवय होते. मग शब्दच उशीर सांगू लागतो. कॉर्नवॉलमध्ये 'डायरेक्टली'चं 'ड्रेकली' झालं आणि त्याचा अर्थ कधीतरी, जमेल तेव्हा. आपण तरी काय करतो? जेवायला बसलेला माणूस हात न धुताच 'आलोच' म्हणतो, तेही भूतकाळात!

पण 'प्रेझेंटली'चा 'सध्या' हा अर्थ चूक, असं काही व्याकरणकार ठासून सांगतात, ते मला पटत नाही. तो अर्थ जुनाच आहे. इंग्लंडच्या ग्रंथांतून तो मागे पडला, तरी स्कॉटलंडमध्ये टिकला, विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा रुळला, आणि आपल्याकडच्या अर्जांत तर तोच चालतो. अडचण आहे ती संदिग्धतेची. एका माजी विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं की आपण 'प्रेझेंटली' एका शाळेत शिकवतो. मुलाखत घेणाऱ्यांना वाटलं, लवकरच शिकवणार आहे. त्याला सगळा अनुभव पुन्हा समजावून सांगावा लागला.

म्हणून सांगते, स्वतः लिहिताना हा शब्द टाळा. सध्याचं सांगायचं असेल तर 'नाउ' लिहा, थोड्या वेळाने म्हणायचं असेल तर 'सून'. आणि जुनं इंग्रजी पुस्तक हातात घ्याल तेव्हा असल्या शब्दाचा अर्थ लावण्याआधी ते कोणत्या साली लिहिलं गेलं, एवढं बघून घ्या.