चौकातला हात : खानदेशातल्या वाहतुकीची एक आठवण

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि तह आठवतात. आज आपण एका हाताचा इतिहास बघणार आहोत. जळगाव-धुळ्याच्या चौकांत उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाचा हात. आम्हा सत्तरीतल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे तो अजून आहे. चौकाच्या मधोमध गोल ओटा, वर असली तर छत्री, तोंडात शिट्टी आणि उंचावलेला पंजा. सगळे त्याला ‘मामा’ म्हणत. नातं जोडल्याशिवाय हुकूम ऐकायचा नाही, ही आपली जुनी रीत.

आधी ही दोन गावं समजून घेऊ. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पहिले कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला नवी पेठ वसवली, ती सरळ, आखीव रस्त्यांची. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळं, पूर्वेचं जळगाव. पुढे धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदू लागले, सोलापूरचा रस्ताही तिथेच येऊन मिळाला. जळगावात महामार्ग क्रमांक ६ शहराच्या पोटातून गेला. म्हणजे काय झालं, तर कापसाच्या बैलगाड्या, टांगे, सायकली, एसटी आणि परप्रांतात निघालेले केळीचे ट्रक एकाच चौकात समोरासमोर आले. बैलाला लाल-हिरवं कळत नाही. गाडीवानाला मात्र हात कळतो.

या हाताला स्वतःचं व्याकरण होतं बरं का. उजवा हात वर, पंजा समोर, म्हणजे समोरून येणाऱ्यांनी थांबायचं. डावा हात आडवा पसरला, की मागून येणारे थांबले. मग मान वळायची, बोटं हलायची, आणि अडलेली बाजू सुटायची. अर्धा अर्थ शिट्टीत असे. लांब शिट्टी आणि तुटक शिट्टी यांतला फरक शाळकरी पोरांनाही कळायचा.

गंमत बघा, यंत्राची सुरुवातसुद्धा हातानेच झाली. जगातला पहिला वाहतूक सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेली कल्पना. दिवसा हलणाऱ्या पट्ट्या, रात्री गॅसचे दिवे, आणि ते फिरवायला खाली पोलीस. महिन्याभरात गॅसचा स्फोट होऊन तोच पोलीस जखमी झाला. यंत्र आलं तरी झळ सोसायला माणूस होताच. आपल्याकडे जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, डांबरावर तासन्‌तास उभं राहणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याकडे येऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ चालकाला बजावतं की सिग्नलयंत्राचा इशारा पाळा, आणि वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाचाही पाळा. कायद्याने दोघांना शेजारी बसवलंय. पण दोघांचा स्वभाव एक नाही.

दिवा समदर्शी आहे. त्याला मोटारीतला पुढारी आणि हातगाडीवाला सारखेच. हात तसा नसे. ओळखीच्या गाडीसाठी तो लवकर हले, कधी चिरीमिरीसाठी खिशाकडे वळे. हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण दिव्याला म्हातारी दिसत नाही. रुग्णवाहिका दिसत नाही. कान्ट या तत्त्वज्ञाने एक नेमकी अडचण दाखवली आहे. नियम कुठे आणि कसा लावायचा, हे सांगायला आणखी एक नियम काढला, तर त्यालाही तिसरा लागेल. ही साखळी कुठेतरी थांबते ती विवेकापाशी. चौकात तो विवेक पंजाच्या रूपाने उभा असे. तोच पंजा ट्रकला ‘थांब’ म्हणे आणि रस्ता ओलांडणाऱ्या पोराला अभय देई.

लोडशेडिंगच्या वर्षांत हे पुन्हा दिसलं. वीज गेली, दिवे विझले, की मामा पुढे आणि हात वर. आज चित्र बदललंय. पोलीस चौकात असतो, पण अनेकदा कडेला, हातात मोबाइल, समोरच्या नंबरप्लेटचा फोटो. ई-चलान गरजेचंच आहे, कुणाची ना नाही. पण दंड चूक झाल्यावर होतो, हात चूक होण्याआधी वर जातो. जळगावात अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक इथे महामार्ग ओलांडताना लोकांनी जीव गमावलेत. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलनं करावी लागली, ती काय हौस म्हणून? तिथे हा फरक पुस्तकी राहत नाही.

तेव्हा आपण मागायचं काय? दिवे हवेतच, पूल आणि भुयारी रस्तेही हवेत. पण शाळा सुटायच्या वेळी, बाजाराच्या दिवशी चौकात माणूसही हवा. त्याला सावली हवी, पाणी हवं, आठ तासांची पाळी हवी. आणि त्याने हात वर केला, की आपण थांबायला हवं, कॅमेरा असो वा नसो. शहर नियमाने चालतं की दंडाच्या भीतीने, हे तिथेच कळतं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.