राम जोशी, मोरोपंत आणि हेवी मेटल : एका तुलनेचा इतिहास

हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचे चाहते आपल्या आवडत्या गिटारवादकांची तुलना बाख व पागानिनी यांच्याशी करतात, आणि अभिजात संगीताचे उपासक ती तुलना हसण्यावारी नेतात. या वादाचा निकाल लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अशी तुलना कशासाठी केली जाते आणि तीत काय गळून पडते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे एक जुने उदाहरण आपल्या सोलापुरातच सापडते.

राम जोशी सोलापूरचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तमाशाच्या नादाने घर सुटले, पंढरपुरी संस्कृताचे अध्ययन घडले आणि पुढे लावणीकार व कीर्तनकार या दोन्ही नात्यांनी त्यांनी कीर्ती मिळविली, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या लावण्यांत संस्कृत समास, अनुप्रास व यमके यांची रेलचेल आहे. तथापि त्यांच्याविषयी आवर्जून सांगितली जाते ती गोष्ट बारामतीच्या मोरोपंतांची (१७२९–१७९४). पंतांनी त्यांची प्रतिभा वाखाणली आणि राम जोशी पंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागले, अशी ती आख्यायिका. तिच्या सत्यासत्यतेपेक्षा ती टिकली का, हे अधिक उद्‌बोधक आहे. फडावरच्या कवीस प्रतिष्ठा मिळावयाची तर पंडिताची साक्ष हवी, ही समजूत तीत स्पष्ट दिसते.

मेटलच्या इतिहासातही अशी साक्ष पुनःपुन्हा काढलेली आढळते. २४ सप्टेंबर १९६९ रोजी डीप पर्पल या वाद्यवृंदाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रासह जॉन लॉर्ड यांची रचना सादर केली. स्वीडनच्या इंग्वी माल्मस्टीन यांनी १९८४ च्या ध्वनिमुद्रिकेवर बाख व पागानिनी यांचे आभार मानले. १९९९ साली मेटॅलिकाने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसह कार्यक्रम केला. रॉबर्ट वॉल्सर यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या वादकांनी जुन्या रचनाकारांकडून काय उचलले याचे सविस्तर विवेचन केले आहे. ऋण खरे आहे, यात शंका नाही.

परंतु भाषाशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. एक भाषा दुसरीकडून शब्द घेते तेव्हा तिचे व्याकरण बदलतेच असे नाही. मराठीत फारसी शब्द शेकड्यांनी आले, पण त्यांना मराठीचेच विभक्तिप्रत्यय लागले. राम जोशींचे संस्कृत समास असेच लावणीत नांदतात. पालुपदाकडे परतणारी ओळ, ढोलकीचे आवर्तन, शेवटचे शब्द उचलून धरणारे झीलकरी आणि समोरचा प्रेक्षक हे त्या रचनेचे व्याकरण आहे, आणि ते आर्येचे नव्हे. मेटलमध्येही द्रुत तानांसारखे स्वरसमूह पागानिनीकडून आले असतील, पण विद्युत्-गिटारचा मुद्दाम फाटका केलेला ध्वनी तिकडून आलेला नाही. अशा ध्वनीत षड्ज-पंचमाची जोडी वाजविली असता त्यांच्याही खालचा, न वाजविलेला स्वर ऐकू येतो. मेटलचा भारदस्तपणा बराचसा या स्वरात आहे, आणि स्वरलिपीच्या कागदावर तो उमटत नाही.

म्हणूनच अशा तुलनेत उसने घेतलेले तेवढे मोजले जाते आणि स्वतःचे कमावलेले हिशेबाबाहेर राहते. लावणीच्या बाबतीत याची किंमत कोणी दिली, हेही पाहावयास हवे. व्युत्पन्न कवी म्हणून राम जोशींना वाङ्‌मयेतिहासात स्थान मिळाले, १९४७ साली त्यांच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपटही निघाला. मात्र लावणी ज्यांच्या गळ्यातून व पायांतून जिवंत राहिली त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावेही नोंदली गेली नाहीत. पंडिती मापाने मोजण्यासारखे त्यांच्यापाशी काही नाही, असे मानले गेले.

शिवाय ज्या थोरवीशी तुलना करावयाची ती थोरवीही कालांतराने घडलेली असते. बाख १७५० साली वारले. त्यांचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ मेंडेल्सझोन यांनी १८२९ मध्ये बर्लिन येथे पुन्हा सादर केल्यावर त्यांच्या कीर्तीस नवे वळण लागले. पागानिनीने सैतानाशी करार केला आहे, अशी वदंता त्याच्या हयातीत होती. पुढे मेटलवादकांवर सैतानपूजेचा आरोप झाला, तोही याच जातीचा. आज ज्यास आपण निर्विवाद अभिजात मानतो, तेही एकेकाळी संशयास्पद होते.

‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थच कुलीन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद सर्वांना आहे. पण कुळ विचारून कला समजत नाही. राम जोशी आणि मोरोपंत यांना शेजारी बसवावे, माल्मस्टीन आणि बाख यांनाही बसवावे; मात्र प्रत्येकाला त्याच्या व्याकरणाने वाचावे. आपल्या विद्यार्थ्यांनी शाहिरी वाङ्‌मयावर प्रबंध लिहिताना छापील संहितेबरोबर ढोलकीचे आवर्तन आणि गाणारणीचा उच्चार हेही पुरावे म्हणून नोंदविले, तर हा अन्याय काही अंशी तरी दूर होईल.