कंठ आणि कर्णा

सार्वजनिक सभांचा इतिहास बहुधा वक्त्यांच्या नावांनी लिहिला जातो. शेवटच्या रांगेतील श्रोत्यास काय ऐकू आले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. वास्तविक सभा केवढी भरावी, हे शतकानुशतके माणसाच्या कंठानेच ठरविले. हे बंधन कसे सुटले आणि त्याच्या जागी कोणते नवे बंधन आले, याचा विचार करण्यास बेळगाव-निपाणीचा परिसर फार उपयोगी आहे.

१९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली. तेथेच होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी लोकमान्य टिळकांनी स्वराज्याविषयी भाषण केले. त्यांच्यापुढे ना माईक होता ना कर्णा. समोर बसलेल्या लोकांपलीकडे ते भाषण गेले, ते कागदावरून. सरकारी लघुलेखकांनी टिपलेले हे भाषण, अहमदनगरच्या दोन भाषणांसह, टिळकांकडून जामीन मागणाऱ्या खटल्यात पुराव्यादाखल आले. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली व नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाचा हुकूम रद्द केला. सरकारने वक्त्यावर हात टाकला खरा; पण तो भाषण होऊन गेल्यावर.

योगायोग असा की, याच्या अवघे चार महिने आधी, २४ डिसेंबर १९१५ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन आणि प्रिडम या दोघांनी आपला ध्वनिक्षेपक मोठ्या जनसमुदायापुढे वाजवून दाखविला होता. या यंत्राचे तत्त्व कठीण नाही. आवाजाने हवा कंप पावते. माईक त्या कंपाचा क्षीण विद्युत्प्रवाह करतो. वर्धक तो प्रवाह बलवान करतो आणि कर्णा त्याचा पुन्हा आवाज करतो. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगोच्या मैदानात याच साधनाने प्रचंड समुदायापुढे भाषण केले.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीच्या माळावर ‘विजयनगर’ उभे राहिले. त्यासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ या नावाने अजून ओळखली जाते. पुढे थोर गायिका म्हणून कीर्ती पावलेल्या गंगूबाई हनगल यांनी बालवयात तेथे स्वागतगीत गायिले. लहान मुलीचा गळा आणि गांधींचा मृदू, संथ स्वर! ज्याचा कंठ खणखणीत त्याचीच सभा, हा जुना नियम बदलण्याची गरज अशाच आवाजांना अधिक होती.

तो नियम आपल्याकडे लवकरच बदलला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मोटवाणी कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीने ध्वनिक्षेपकांची व्यवस्था केली. पुढील काळात पुढाऱ्यांच्या कित्येक छायाचित्रांत माईकवर या पेढीचे नाव दिसते. आता गर्जना करण्याचे कारण उरले नाही. हजारोंशी घरातल्यासारखे बोलता येऊ लागले.

तथापि आवाज मोठा झाला म्हणजे शब्द स्पष्ट झाला, असे नव्हे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागे बसलेल्यास जवळच्या कर्ण्याचा शब्द तत्काळ मिळतो आणि व्यासपीठावरील कर्ण्याचा तोच शब्द जवळजवळ एकतृतीयांश सेकंद उशिरा. दोन्हींची गल्लत होते. म्हणून आजच्या यंत्रणेत मागच्या कर्ण्यांना तेवढा विलंब मुद्दाम देतात. सभागृहात भिंतींवरून परतणारा नाद शब्दांना गिळतो. तेथे आवाज वाढविण्यापेक्षा नाद शोषणारे पडदे आणि छताचे आच्छादन अधिक कामाचे.

शब्द स्पष्ट झाला, तरी तो ऐकून घेतला जाईलच असेही नाही. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी पुणे-बंगलोर महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. हजारो शेतकऱ्यांची मागणी कोणास ऐकू आली नसेल, असे म्हणता येणार नाही. तरीही ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले.

आता नव्या बंधनाविषयी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर तो सामान्यतः वाजविता येत नाही. रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या आणि श्रमून निजलेल्या माणसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु १९१६ साली सत्ता भाषणानंतर आली. कर्ण्याच्या युगात तिची गाठ भाषणापूर्वीच पडते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सभा भरणाऱ्या सीमाभागात म्हणूनच परवानगीचा कागद समान हाताने दिला जाणे महत्त्वाचे ठरते. कर्ण्याला भाषा नसते. तो जे मिळेल ते मोठे करून सांगतो. भेदभाव झालाच, तर तो माणसांकडून होईल, आणि तो टाळणेही माणसांच्याच हाती आहे.