फळमाशी, पौर्वात्य : प्रसाराचा हवामानाधारित अंदाज

(बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस). मूळची उष्णकटिबंधीय आशियातील ही माशी आंबा, पेरू, पपई अशा अनेक फळांवर जगते. मादी पिकत आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. अळ्या गर खातात व कोषात जाण्यासाठी मातीत उतरतात. टोचल्याची खूण बाहेरून जेमतेम दिसते, त्यामुळे किडके फळ तपासणीतून सहज निसटते. २००३ मध्ये केनियात आढळल्यावर ती सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झपाट्याने पसरली.

ती पुढे कोठे तग धरेल हे ताडण्यासाठी ‘क्लायमेक्स’ ही ऑस्ट्रेलियात तयार झालेली संगणकप्रणाली वापरतात. माशी आज जेथे आहे तेथील तापमान व ओलावा यांवरून तिच्या सहनशक्तीच्या मर्यादा ठरवतात. मग वाढीला पोषक काळ आणि थंडी, उष्णता, कोरडेपणा यांचा ताण हिशेबात धरून प्रत्येक ठिकाणास ० ते १०० निर्देशांक देतात. थंडी हीच तिची मुख्य आडकाठी. केवळ पावसावर बेतलेला नकाशा मात्र फसवा. कोरड्या मुलखातही ओलिताच्या बागा तिला पोसतात.

अशा प्रसाराच्या भीतीची झळ फळांच्या व्यापारालाही बसते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये हापूससह भारतीय आंब्यावर घातलेली बंदी फळमाश्यांमुळेच होती. ती २०१५ मध्ये उठली.