गंजलेल्या टाचण्या

पाळी सुटलीय. चाकणहून निघालेली कंपनीची बस मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये रुतलीय आणि तुम्ही मोबाइलवर कैरोचा जुना व्हिडिओ बघताय. तहरीर चौक, 11 फेब्रुवारी 2011, राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार. बघता बघता डोळा लागतो.

जाग येते ती भोंग्याने. खाली सायकल, हँडलला डबा. पिंपरी, 1975चा सप्टेंबर संपत आलेला. जूनमध्ये आणीबाणी लागेपर्यंत या गेटवर सभा व्हायच्या. आता संपाचं नाव काढायची सोय नाही. युनियनचा फलक कोरा आहे, टाचण्या तेवढ्या गंजत राहिल्यात. तुमच्या खात्यातला एकजण मिसा कायद्याखाली येरवड्यात आहे. त्याचं कार्ड रॅकमध्ये तसंच, पंच न झालेलं.

टपरीवर वटहुकमाची बातमी पोचलीय: किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4वर. “निम्म्याच्याही खाली?” शेजारचा फिटर पुटपुटतो. टपरीवाला त्याला डोळ्यानेच गप्प करतो. गाड्या वेळेवर धावतात, याचं कौतुक मात्र मोठ्याने करता येतं.

तहरीरच्या आधीही असंच: 6 एप्रिल 2008ला इजिप्तच्या महल्ला अल-कुब्रात कापड कामगारांनी संप ठरवला, तो पोलिसांनी होऊ दिला नाही. पगार आणि पावाचे भाव, तक्रार एवढीच. त्यातून शहर पेटलं. तुमच्या व्हिडिओत हे नव्हतं.

चार पायडल मारता तोवर दीड वर्ष सरतं. 20 मार्च 1977ची रात्र, लोकसभेचे निकाल, चाळीतली खोली. बीबीसी लावलंय, बारीक आवाजात, सवयच पडलीय. पुण्यातून मोहन धारिया निवडून आलेत. उत्तर प्रदेशात काँग्रेसला भोपळा. मग कळतं, रायबरेलीत खुद्द इंदिराबाई 55,202 मतांनी पडल्या. फिटर उठून आवाज मोठा करतो. हरल्यावर त्या सत्ता सोडून गेल्या, हेच मला त्या रात्रीचं खरं नवल वाटतं. उलट इजिप्तने 2012मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडला आणि वर्षभराने लष्कराने त्याला उचललं.

सकाळी पहिली पाळी. फलकापाशी कुणीतरी कागद धरून उभा आहे: गेटसभा, पाळी सुटल्यावर. गंजलेली टाचणी अंगठ्याला दाद देत नाही. तो पायातली वहाण काढतो आणि ठोकू लागतो.