फासा कुणाच्या हातात? सारीपाट ते लुडो किंग

गेल्या दहा वर्षांतले आपले आवडते खेळ कोणते, असं विचारलं की तरुण मुलं पहिलं नाव पब्जीचं घेतात. मग फ्री फायर, जीटीए, फिफा. कुणी जाणकार असला तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी'चं नाव घेतो. ही नावं बरोबर आहेत. पण भारतात सगळ्यात जास्त घरांत, सगळ्यात जास्त वयांच्या लोकांनी एकत्र बसून जो खेळ खेळला, तो बहुतेक वेळा यादीत येतच नाही, कारण त्याला 'गेम' म्हणायला आपल्याला थोडं ओशाळल्यासारखं होतं. तो म्हणजे लुडो. आजचा भाग त्याच्यावर आहे. त्यात एक प्रश्न वारंवार येणार आहे: दान कोण टाकतं आणि ते खरं पडलं हे कोण सांगतं?

हा प्रश्न मोबाइलने जन्माला घातलेला नाही. सोळा सोमवारची कहाणी आठवा. शंकर-पार्वती देवळात सारीपाट खेळतात आणि डाव कुणी जिंकला हे गुरवाला विचारतात. गुरव शंकराचं नाव घेतो, पार्वती संतापते आणि त्याला शाप देते. कहाणी व्रताची आहे, पण तिची सुरुवात पंचाच्या खोट्या निकालाने होते हे लक्षात घ्या. खंडोबाच्या कथेतही सारीपाटच आहे. म्हाळसेशी खेळताना देव पैज हरतो, बारा वर्षं घर सोडतो आणि बाणाईच्या वाड्यावर धनगराचा चाकर होतो. वेरूळला २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेत. आपल्या देवांना खेळाचं वावडं नव्हतं, हरण्याचंही नव्हतं.

मात्र एक गल्लत इथेच दूर करू. महाभारतातलं द्यूत म्हणजे सारीपाट, हे आपल्याला टीव्हीने शिकवलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त असो किंवा महाभारतातलं सभापर्व, तिथले 'अक्ष' म्हणजे मुळात बेहड्याची फळं. त्या खेळात चार हातांचा पट आणि घराकडे निघालेल्या सोंगट्या नव्हत्या. अधिकाच्या आकाराच्या कापडी पटाचा भक्कम लेखी पुरावा मिळतो तो मुघल काळात. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त चौपडीचं वर्णन केलंय. अकबराच्या दरबारात सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नसे, काही वेळा त्याला तीन-तीन महिने लागत, आणि ज्याचा धीर सुटेल त्याला मद्याचा प्याला प्यावा लागे, असं तो लिहितो. बादशहा खेळातून माणसं पारखतो, असंही त्याचं म्हणणं आहे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणातला फरशीवरचा मोठा पट आजही दाखवतात. त्यावर दासींना सोंगट्यांसारखं उभं करत, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती ऐकावी आणि पुढे जावं.

आता खेळाकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पट चार हातांचा, प्रत्येक हाताला तीन रांगा, रांगेत आठ घरं. चौघे खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या. पण चौघे चार दिशांना नव्हेत. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे जोडीदार. लांबट फासे घेऊन खेळलं की चौपड, कवड्या घेतल्या की पच्चीशी, कारण कवड्यांचं मोठं दान २५ चं. फुली मारलेल्या घरात सोंगटी सुरक्षित. दान पडलं म्हणून सोंगटी हलवलीच पाहिजे असंही नाही, थांबता येतं. सोंगटी घराच्या तोंडाशी आली तरी ती आत न नेता जोडीदाराच्या मदतीसाठी पुन्हा फेरीला सोडता येते. म्हणजे स्वतः लवकर घरी पोचणं ही चूक ठरू शकते, कारण मागे राहिलेला जोडीदार एकटा पडतो.

कवड्यांचंही एक गणित आहे. सहा कवड्या टाकल्या तर दोन, तीन, चार उताण्या पडणं हे नेहमीचं. सहाच्या सहा एकाच अंगावर पडणं दुर्मिळ. कवडी नाण्यासारखी अगदी समसमान पडत नाही, पण तशी धरली तरी तीन उताण्या पडण्याची शक्यता ६४ मध्ये २० आणि सहाही उताण्या पडण्याची ६४ मध्ये एक. त्यामुळे मुरलेल्या खेळाडूला पुढच्या दानाचा अंदाज बांधता येतो. नशीब असतं, पण त्याला काही एक स्वभाव असतो. 'दान पडणं', 'फासे उलटे पडणं' हे आपण रोज बोलतो. 'पोबारा करणं' हेसुद्धा 'पौ बारा' या दानाशी जोडतात.

हा खेळ इंग्रजांनी नेला आणि सोपा केला. अमेरिकेत १८७४ मध्ये 'पार्चीसी' या नावाने त्याचा ट्रेडमार्क झाला. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडोचं पेटंट निघालं. लुडो हा लॅटिन शब्द, अर्थ 'मी खेळतो'. मी, आम्ही नव्हे. जोडीदार गेला. कवड्या गेल्या, त्यांच्या जागी सहा बाजूंचा ठोकळा आला, ज्यात एक ते सहा यांतलं प्रत्येक दान सारख्याच शक्यतेचं. थांबायची मुभा गेली. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर नाही, हा नियम बसला. पट चौकोनी झाला, कोपऱ्यांत लाल-हिरवी-पिवळी-निळी घरं आली. मुलांसाठी हे उत्तमच होतं. पाच वर्षांचं पोर आजोबांना हरवू शकतं, असा खेळ तयार झाला. पण डावपेच जवळजवळ संपले. जर्मनीत याच खेळाची एक आवृत्ती १९१४ पासून मोठ्या प्रमाणात निघू लागली. तिच्या कर्त्याने पहिल्या महायुद्धात तिचे ३००० संच लष्करी इस्पितळांना पाठवले. अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांना वेळ घालवायला काही हवं होतं. हा धागा लक्षात ठेवा.

आपल्याकडे तो लुडो बनून परत आला आणि एका बाजूला लुडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी अशा पुठ्ठ्याच्या रूपात घराघरांत स्थिरावला. मधल्या काळात सारीपाट सांभाळणारेही होते. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांना पटावरच्या खेळांचा एवढा नाद की त्यांनी स्वतः नवे खेळ रचले. पण एकोणिसाव्या शतकातल्या एका राजाचा छंद म्हणजे लोकांची सवय नव्हे. लोकांची सवय पुठ्ठाच राहिला.

मग येतं २०१६. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने लुडो किंग बाजारात आणला. कंपनी काढणारे विकाश जैस्वाल मूळचे पाटण्याचे, आधी मुंबईच्या इंडियागेम्समध्ये नोकरी केलेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. चार पैशांच्या फोनवर चालणारा खेळ, नेट नसलं तरी एकच फोन हातोहात फिरवून चौघांना खेळता येणारा, आणि मुख्य म्हणजे कुणालाही शिकवावा न लागणारा. माझ्या मते लुडो किंगचं यश यातच आहे. त्यात कलात्मक असं फार काही नाही, जाहिराती तर नको तेवढ्या. पण पब्जी आईला शिकवावा लागतो, लुडोत आईच तुम्हाला हरवते.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला. इस्पितळातल्या त्या जर्मन सैनिकांसारखे आपण सगळेच खाटेला खिळलो. संध्याकाळी रामायण, रात्री लुडो. खोलीचा कोड नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि इंदूरची मावशी, बडोद्याचा मामा, पुण्यातली बहीण एकाच पटावर यायचे. रोज पाच कोटींच्या आसपास लोक खेळत, असं कंपनी तेव्हा सांगत होती. त्याच वर्षी खेळता खेळता बोलायची सोय आली. नोव्हेंबरात अनुराग बसूंनी 'लुडो' नावाचा चित्रपटही काढला. त्याच सुमाराला, २ सप्टेंबर २०२० ला, सरकारने ११८ चिनी ॲपच्या यादीत पब्जी मोबाइलवर बंदी घातली. तो पुढच्या जुलैत नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटला, २०२३ मध्ये पुन्हा आला. लुडोच्या वाटेला हे काही आलं नाही. चीनशी त्याचं नातं नव्हतं आणि मुलं बिघडतात अशी त्याच्याबद्दल तक्रारही कुणी करत नव्हतं.

तक्रार एकच होती: हे ॲप लबाडी करतं. मला सहा देतच नाही! ही तक्रार तुम्हीही केली असेल. जरा हिशोब करू. ठोकळा अगदी प्रामाणिक असला तरी दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. चौघे खेळत असतील तर दहा-दहा दानं झाल्यावर निदान एक जण अजून घरातच अडकलेला असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणजे दर दोन डावांत एका घरी कुणीतरी ॲपला शिव्या घालणारच. पण तक्रारीची एक बाजू खरी आहे. पुठ्ठ्यावरचा फासा चौघांसमोर उडतो आणि पलंगाखाली गेला तर पुन्हा टाकायचा की नाही यावर भांडण होतं. फोनमधलं दान आत कुठेतरी ठरतं, आपल्याला दिसतं ते नुसतं चित्र. खेळणारा आणि दान यांच्या मध्ये एक गुरव आला.

फुकटच्या खेळात त्या गुरवावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पैसे लागले की गोष्ट बदलते. लुडो किंगच्या लाटेवर पैशांचे लुडो आले. २०२१ मध्ये अशाच एका ॲपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. तिच्यात मांडलेलं उदाहरण बोलकं होतं: चौघांनी पाच-पाच रुपये लावायचे, जिंकणाऱ्याला १७ मिळणार, तीन ॲपला. रक्कम किरकोळ वाटते. पण समजा चौघे अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येकाकडे शंभर रुपये आहेत. दर डावाला तीन रुपये बाहेर जातात. १३३ डाव झाले की चौघांच्या ४०० रुपयांपैकी ३९९ ॲपच्या खिशात. कुणीही कुणाला लुबाडलेलं नाही, कुणीही लबाडी केलेली नाही आणि चौघेही कफल्लक. पाच-सात मिनिटांचा एक डाव धरला तर हे काम काही दिवसांचं.

यावर कंपन्यांचं उत्तर कायदेशीर होतं. १८६७ चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना सोडून देतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणात कौशल्याची स्पर्धा आणि जुगार वेगळे मानले, १९६८ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला ठेवलं. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ड्रीम११ च्या खेळाबद्दल हाच निष्कर्ष काढला. मग लुडोही कौशल्याचाच, असा दावा झाला. आणि इथे इतिहासाने मोठी गंमत केली. तो दावा टिकवायला ॲपवाल्यांनी नियम बदलले. सहाची अट काढली, सोंगट्या सुरुवातीपासूनच बाहेर. घरी पोचण्यापेक्षा किती घरं चाललात याचे गुण. वेळ ठरलेली. काहींनी तर दोन्ही खेळाडूंना सारखीच दानं द्यायची व्यवस्था केली. इंग्लंडने मुलांसाठी काढून टाकलेलं कौशल्य परत भरायची धडपड सुरू झाली, तीही पैज लावता यावी म्हणून. पच्चीशीत ते आधीपासूनच होतं. पण जोडीदारासाठी थांबण्याचा खेळ पाच रुपयांच्या झटपट डावात बसत नाही.

सरकार आधी कराच्या वाटेने गेलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. कौशल्य की नशीब, हा भेद करासाठी तिथेच संपला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोक दर वर्षी २० हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा अंदाज सरकारने दिला. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरूनही ते नाव गेलं.

मला हा कायदा घाईचा वाटतो, पण निकडीचाही वाटतो. 'कौशल्य' या एका शब्दाच्या आडोशाला दीडशे वर्षांत जे जमा झालं होतं, ते न्यायालयात एकेक खेळ घेऊन निस्तरलं नसतं. दुसरीकडे, रमीत खरोखर हुशार असलेल्या माणसाला आणि लुडोच्या ठोकळ्याला एकाच पारड्यात टाकलं गेलं, ही तक्रारही खोटी नाही. कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या आणि ती सगळी प्रकरणं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली.

फुकटचा लुडो मात्र सुरूच आहे, जाहिरातींसकट. पुढच्या भागात कॅरम घेऊ. तिथेही सोंगट्या आहेत आणि पावडर सांडल्यावरून होणारी भांडणंही.