जुलैमध्ये ओमानचा किनारा गार का पडतो? आणि ते थंड पाणी जातं कुठे?

जुलैमध्ये अरबस्तानचं वाळवंट भट्टीसारखं तापलेलं असतं. पण ओमानच्या दक्षिणेला, सलालाह शहराच्या आसपास, याच दिवसांत धुकं, भुरभुर पाऊस आणि हिरवेगार डोंगर दिसतात. तिथे या मोसमाला 'खरीफ' म्हणतात. आपल्या खरीप हंगामाचं नावही याच अरबी शब्दावरून आलं आहे. या गारव्याचं मूळ समुद्रात आहे.

महाराष्ट्रात पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे आधी सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतात. वारा पाण्याला सरळ पुढे ढकलत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचा वरचा थर एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो. याचं गणित स्वीडनच्या वालफ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये मांडलं. इथे उजवीकडे खुला समुद्र आहे. वरचं कोमट पाणी तिकडे सरकलं की त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. यालाच 'अपवेलिंग' म्हणतात.

हे पाणी म्हणजे समुद्राचं खतच. मेलेले जीव तळाकडे जाताना कुजतात, त्यातून सुटलेले नायट्रेट आणि फॉस्फेट खोल अंधारात साठून राहतात. उजेडात आल्यावर त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, झपाट्याने वाढतात. त्यांच्यावर छोटे जीव, आणि त्यांच्यावर मासे.

गंमत पुढेच आहे. हे पाणी किनाऱ्यालगत थांबत नाही, आणि सगळीकडे सारखं पसरतही नाही. भूशिरांजवळ प्रवाह किनारा सोडतात आणि थंड पाण्याचे लांबट पट्टे आत समुद्रात ओढून नेतात. रुंदी काही दहा किलोमीटर, लांबी मात्र शेकडो किलोमीटर! ओमानच्या रास अल हद्दजवळ असा एक प्रवाह सुटतो. सोमालियासमोर तर दर पावसाळ्यात 'ग्रेट व्हर्ल' नावाचा ४००-५०० किलोमीटर व्यासाचा भोवरा तयार होतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे त्याच्या उत्तरेच्या कडेवरून किनाऱ्याचं थंड पाणी बाहेर खेचलं जातं. उपग्रहांच्या तापमान-चित्रांत हे पट्टे स्पष्ट दिसतात.

यात किनाऱ्याचं नुकसानही होतं. माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात. दूरवर पुरेसं खाद्य मिळालं नाही, तर ती तगत नाहीत.

शिवाय भर समुद्रात वाढलेले प्लवकही शेवटी मरून खाली जातात. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन वापरला जातो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला प्रचंड थर आहे, त्याचं हे एक कारण. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून जगतात. त्या नायट्रेटचा बराचसा भाग नायट्रोजन वायू होऊन जातो आणि प्लवकांसाठीचं तेवढं खत कमी होतं.